मे महिन्यात ठरवलेलं पाणी

पुराची यंत्रं उन्हाळ्यात बसवतात. पावसाळ्यात पुलाखाली उतरता येत नाही, शिडी टेकवायला जागा नसते आणि कुणी उतरूही देत नाही. त्यामुळे नदीची पातळी मोजणाऱ्या रडार सेन्सरची सगळी जुळवाजुळव मे महिन्यात होते. म्हणजे नदी नदीसारखी दिसत नाही तेव्हा. वारणेवरच्या एका पुलाच्या कठड्यावरून मी वाकून बघतो, तर खाली वाळू, गुरांनी तुडवलेला चिखल, धुऊन वाळत टाकलेल्या गोधड्या, खांबाच्या पायथ्याशी अडकलेला गेल्या वर्षीचा ओंडका आणि एका कडेनं जाणारी गुडघाभर पाण्याची धार. एवढ्या भांडवलावर मला ठरवायचं असतं की ऑगस्टमध्ये या यंत्राला काय दिसावं. खरं तर, काय दिसू नये. सेटिंगच्या पानावर जेवढे रकाने असतात त्यातले निम्म्याहून जास्त कशाकडे दुर्लक्ष करायचं हेच विचारत असतात.

यंत्र दिसायला साधं. पुलाच्या कडेला बाहेर काढलेला लोखंडी हात, त्याच्या टोकाला तोंड खाली करून बसवलेला वीतभर डबा. शेजारी खांबावर सोलर पॅनेल आणि कुलूपबंद पेटीत बॅटरी, डेटा लॉगर, सिमकार्ड घातलेला मोडेम. येणाजाणाऱ्यांना हा कॅमेरा वाटतो. एकदा एकानं मोटारसायकल थांबवून विचारलं, यात वाळूच्या गाड्या दिसतात का? नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला की उतरला, ते मला नीट कळलं नाही.

गाड्या तर नाहीतच, पण हे यंत्र पाणीही मोजत नाही. हाताखाली नवी मुलं आली की त्यांना मी हे आधी सांगतो. ते रिकामी जागा मोजतं: स्वतःच्या तोंडापासून पाण्यापर्यंत हवा किती. पातळी ही मागाहून केलेली वजाबाकी. म्हणून पहिलं सेटिंग रडारचं नसतंच, ते सर्व्हेचं असतं. जवळच्या बेंचमार्कवरून ऑटो लेव्हल लावून डब्याच्या तोंडाची उंची आणायची आणि ती भरायची. ती दहा सेंटिमीटरनं हुकली तर पुढची सगळी गणिती हुशारी दहा सेंटिमीटर खोटं बोलणार, आणि तेही फार अचूकपणे.

आता ती हवा मोजायची कशी? प्रकाशाला दहा मीटर खाली जाऊन परत यायला 67 नॅनोसेकंद पुरतात. एवढासा वेळ थेट मोजत बसण्यापेक्षा आजचे बरेच सेन्सर वेगळी वाट धरतात. गवय्यानं खालच्या षड्जावरून एकसंध मींड घेत वर वर जावं आणि समोरच्या कड्यावर आपटून त्याचाच आवाज परत यावा, असं समजा. परत आलेला सूर किंचित जुना असतो. तोवर गवई आणखी वर गेलेला असतो. त्या क्षणी त्याच्या गळ्यातला सूर आणि कड्यावरून आलेला सूर यांच्यात जेवढी तफावत, तेवढा कडा लांब. आमचा सेन्सर एका मिलिसेकंदात 4 गिगाहर्ट्झ एवढा वर घसरतो असं धरलं, तर दहा मीटरवरच्या पाण्यासाठी ही तफावत सुमारे 2 लाख 67 हजार हर्ट्झ निघते. पाणी एक सेंटिमीटर चढलं की ती 267 हर्ट्झनं कमी होते. नॅनोसेकंद मोजायचं अवघड काम हर्ट्झ मोजण्याच्या सोप्या कामावर आणून सोडायचं, ही चलाखी इतकी वर्षं रोज वापरूनही मला शिळी वाटलेली नाही.

वारंवारता कोणती घ्यायची, हा प्रश्न पुलावर येण्याआधीच सुटलेला असतो. यंत्र विकत घेतानाच तो सुटतो. नदीवरच्या कामात मुख्यतः दोन जाती भेटतात: 26 गिगाहर्ट्झच्या आसपासचे आणि 80 च्या आसपासचे. 26 वाल्याचा झोत साधारण दहा अंशांचा, त्यामुळे दहा मीटर खाली त्याचा ठसा पावणेदोन मीटर रुंद पडतो. 80 वाल्याचा चार अंशांचा धरला तर ठसा सत्तर सेंटिमीटर. तरंगलांबी जितकी लहान, तितका त्याच आकाराच्या कर्ण्यातून झोत बारीक निघतो. अरुंद पुलावर, दोन खांबांच्या मध्ये, हा फरक सगळं काही असतो. रुंद झोताला खांब दिसतो, बारीक झोताला दिसत नाही. कागदावर 80 वालाच जिंकायला हवा. पण बारीक झोताला सरळ उभं राहावं लागतं. लोखंडी हात दोन अंश वाकला, आणि उन्हानं, वाऱ्यानं, त्याला लोंबकळणाऱ्या पोरांनी तो वाकतोच, तर शांत पाण्यावरून परावर्तित झालेल्या लहरी डब्याच्या तोंडात न येता बाजूनं निघून जातात. रुंद झोत अशा वेळी निभावून नेतो.

या मिलीमीटरच्या लहरींशी आपली जुनी ओळख आहे. जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात 1890 च्या दशकात 5 मिलीमीटरपर्यंतच्या तरंगलांबीवर प्रयोग केले. आजच्या भाषेत 60 गिगाहर्ट्झ. लहरी गोळा करायला त्यांनी धातूचा कर्णा वापरला होता. आमच्या जुन्या सेन्सरच्या तोंडाला जो कर्णा असतो आणि ज्यात दर दिवाळीला गांधीलमाश्यांचं पोळं सापडतं, त्याचं हे घराणं. पुढं दुसऱ्या महायुद्धात सव्वा सेंटिमीटर तरंगलांबीचं रडार उभं केलं गेलं, आणि दमट हवेत त्याची नजर अपेक्षेपेक्षा फारच आखूड निघाली. पाण्याच्या वाफेला 22.2 गिगाहर्ट्झच्या आसपासची लहर नेमकी आवडते. वाफ ती गिळते. विमानं शोधणाऱ्यांसाठी तो पट्टा वाया गेला. आम्हाला मात्र त्याचं काही सोयरसुतक नाही. आमचा सगळा प्रवास दहा मीटर खाली आणि दहा मीटर वर. तासाला शंभर मिलीमीटर पडणारा पाऊस 80 गिगाहर्ट्झच्या लहरीला किलोमीटरमागे तीसेक डेसिबल खातो, म्हणजे शक्तीचा हजारावा भाग उरवतो. आमच्या वीस मीटरांत तो अर्ध्याच्या थोडं वर डेसिबल घेतो. घाटातला कोसळता पाऊसही आमच्यासमोर जवळजवळ पारदर्शक असतो. अंतर छोटं असलं की बऱ्याच मोठ्या अडचणी आपोआप लहान होतात, ही रडारमधली मला सर्वात जास्त आवडणारी गोष्ट.

लहर किती घसरवायची, याला बँडविड्थ म्हणतात, आणि इथं शिकाऊ मंडळी हमखास अडखळतात. 24 गिगाहर्ट्झच्या खुल्या पट्ट्यात जागा 250 मेगाहर्ट्झची. तेवढ्यात घसरणारं रडार साठ सेंटिमीटरपेक्षा जवळच्या दोन वस्तू वेगळ्या दाखवू शकत नाही. 4 गिगाहर्ट्झ मिळाले तर हाच आकडा पावणेचार सेंटिमीटर. मग सेन्सरच्या माहितीपत्रकावर अचूकता दोन मिलीमीटर कशी लिहिलेली असते? कंपनी खोटं लिहिते का? नाही. दोन वस्तू वेगळ्या ओळखणं आणि एकच वस्तू नेमकी कुठं आहे हे सांगणं, ही दोन निराळी कामं आहेत. समोर फक्त पाणी आहे, दुसरं काहीच नाही, याची खात्री असेल तर त्याच्या प्रतिध्वनीच्या टेकाडाचा माथा फार बारकाईनं शोधता येतो, टेकाड रुंद असलं तरी. पण त्याच टेकाडाच्या उतारावर पाण्यालगत दगड असेल, तर दोघांचं मिळून एकच टेकाड बनतं आणि माथा मधे कुठंतरी सरकतो. दोन मिलीमीटरचं वचन एकाकी पाण्यासाठी आहे. नदीत पाणी क्वचितच एकाकी असतं.

पुढचं काम, म्हणजे आलेल्या मिश्रणातून वेगवेगळ्या वारंवारता निवडून काढणं, फास्ट फूरिये ट्रान्सफॉर्मचं. 1965 साली कूली आणि ट्यूकी यांनी ते प्रसिद्ध केलं. लघुग्रहांच्या कक्षा जुळवताना गाउसनं 1805 च्या सुमारास तेच गणित करून ठेवलं होतं आणि ते त्याच्या मरणानंतर छापलं गेलं. 1024 नमुन्यांसाठी सरळ मार्गानं दहा लाखांवर गुणाकार लागतात, या मार्गानं पाच हजार एकशेवीस. सोलर पॅनेलवर, जुलैच्या ढगाळ आभाळाखाली, दर पंधरा मिनिटांनी जागं होऊन परत झोपणाऱ्या यंत्रासाठी ही नुसती सोय नाही. तिच्याविना हे यंत्र या पुलावर जगलंच नसतं.

त्याच्याच आधी एक छोटा रकाना असतो: विंडो. तिथं बहुतेक जण आधीपासून भरलेलं तसंच सोडतात. नमुन्यांचा तुकडा दोन्ही टोकांना कचकन तोडला, तर मजबूत प्रतिध्वनीच्या दोन्ही बाजूंना खोट्या लहान टेकड्या उगवतात, त्यातली पहिली मूळच्यापेक्षा फक्त तेरा डेसिबलनं खाली. पुलाचा गर्डर जवळ आणि लोखंडाचा. त्याच्या खोट्या टेकड्यांत दूरचं फेसाळ पाणी हरवू शकतं. टोकं हळूहळू शून्यावर आणणारी हान विंडो लावली की त्या टेकड्या एकतीस डेसिबलनं खाली जातात, पण मुख्य टेकाड दुप्पट जाड होतं. ज्याच्या नावानं ही विंडो ओळखली जाते तो युलियस फॉन हान ऑस्ट्रियाचा हवामानशास्त्रज्ञ. नोंदींतला खडबडीतपणा कमी करायला तो प्रत्येक आकड्याचा निम्मा भाग आणि दोन्ही शेजाऱ्यांचा पाव पाव भाग घ्यायचा. हवामानवाल्याची ही सवय आता पाऊसपाण्याच्याच यंत्रात, पण वेगळ्याच खोलीत, नोकरी करते आहे. मी स्वतः हान विंडोच ठेवतो. गर्डरजवळ खोटं काही दिसण्यापेक्षा जाड दिसलेलं बरं.

पण जिथं मला खरोखर वेळ लागतो ती जागा ही नव्हे.

टॅबलेट ब्लूटूथनं सेन्सरला जोडला की पडद्यावर एक रेष येते. आडव्या अक्षावर अंतर, उभ्यावर प्रतिध्वनीची ताकद. या पुलावर ती अशी दिसते: अगदी सुरुवातीला तोंडाजवळचा गोंगाट, मग अडीच मीटरच्या आत गर्डरच्या खालच्या पट्टीचं टोकदार शिखर, सात मीटरच्या आसपास खांबाला ब्रॅकेट मारून नेलेल्या पाणीयोजनेच्या पाइपचं शिखर, अकराजवळ त्या ओंडक्याचं पसरट टेकाड, आणि त्यानंतर पाणी. खाली बटण असतं. अमुक अंतरापर्यंत जे जे दिसतंय ते खोटं आहे असं समज, असं त्या बटणानं यंत्राला सांगता येतं. अंतर भरा, बटण दाबा, यंत्र ती शिखरं पाठ करतं आणि त्यांच्या वर झाकण ओढतं. यापुढं तिथं काही उगवलंच तर ते झाकणाच्या वर डोकं काढेल तेव्हाच खरं.

साडेअकरा मीटर भरून बटण दाबलं की पडद्यावर इतकं देखणं चित्र येतं की बघत राहावं. सगळं सपाट, आणि शेवटी एकटं पाणी. फोटो काढून अहवालात चिकटवण्यासारखं.

यातली मेख मे महिन्यात दिसत नाही. आपण यंत्राला शिकवलं की सात मीटरवर जे आहे ते पाणी नाही. ऑगस्टमध्ये पाणी तिथंच येऊन उभं राहणार आहे. नितळ, सपाट पाण्याचा प्रतिध्वनी पाइपपेक्षा बळकट असतो, तो झाकण फोडून वर येतो, आणि म्हणून दहातल्या बऱ्याच वेळा काही बिघडत नाही. पण पुराचं पाणी नितळ नसतं. त्यावर फेस असतो, जलपर्णीचे गालिचे तरंगत येतात, वाहून आलेला ऊस असतो. त्याचा प्रतिध्वनी दमलेला येतो आणि झाकणाखालीच राहतो. आणि तो ओंडका? तो तर पहिल्याच पाण्यात निघून जाणार. त्याचं झाकण मात्र यंत्राच्या स्मरणात वर्षानुवर्षं राहील. नसलेल्या लाकडाच्या नावाखाली असलेलं पाणी नाकारलं जाईल.

पुलावरची मोजपट्टी वाचणाऱ्या मामांना मी हे सांगत होतो. खांबावर रंगवलेली फुटांची पट्टी पुराच्या दिवसांत दर तासाला वाचून फोनवर कळवायचं काम ते कैक वर्षं करत आलेत. रात्री बॅटरीच्या उजेडात, छत्री काखेत धरून. त्यांनी ओंडक्याकडं बघितलं. म्हणाले, "ह्यो जाणारच की साहेब. पर दुसरा यील. रिकामी न्हाई ऱ्हायची ती जागा."

मी झाकण तीन मीटरपर्यंतच ओढलं. पुलाचं स्वतःचं लोखंड तेवढं खोटं. नदीच्या हद्दीतलं काहीही खोटं म्हणायचा अधिकार मला नाही, असा माझा नियम आहे. पाइपचं काय करायचं? त्याच्यासाठी वेल्डरला बोलावून लोखंडी हात दोन फूट बाहेर काढून घेतला, म्हणजे झोत पाइपला टाळून खाली गेला. गणितानं झाकण्यापेक्षा हॅकसॉनं सुटणारा प्रश्न हॅकसॉनंच सोडवावा. सिग्नल प्रोसेसिंग शिकवणाऱ्या पुस्तकांत लोखंडी हाताचा उल्लेख मला कुठं भेटलेला नाही. तिथं सगळा त्रास सिग्नल यंत्रात शिरल्यानंतरच सुरू होतो.

दुसरी अवघड जागा सरासरीची. पाण्याला लाटा असतात, म्हणून एकच मोजणी घेऊन चालत नाही. तीस सेकंद, साठ सेकंद, पाच मिनिटं, जितका वेळ सरासरी काढाल तितकी रेष गुळगुळीत. त्याच्याच जोडीला अजून एक रकाना: पाणी एका वेळी जास्तीत जास्त किती बदलू शकतं? याहून मोठी उडी दिसली तर ती चूक समजून टाकून द्या. मामांच्या मते हा रकाना बिनकामाचा. "पाणी उडी मारत न्हाई. चढतं तवा बोटाबोटानं चढतं. उतरायला मातूर लय नखरं करतंय." कृष्णा-वारणेच्या सपाट प्रदेशाबद्दल त्यांचं बरोबर आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं, पण ते दिवसेंदिवस चढत गेलं, आणि अख्खं शहर दर तासाला एकमेकांना विचारत होतं, आयर्विनला किती झालं. तिथं पाच मिनिटांची सरासरी चालते, पंधराचीही चालेल.

हीच सेटिंग्ज कॉपी करून सह्याद्री उतरून पलीकडं न्या. कोकणातल्या नद्यांचा डोंगर ते खाडी हा पल्लाच आखूड. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री वाहून गेला. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. तिथं पाण्याची चढण्याची गती वेगळी आहे, आणि देशावरच्या नदीसाठी ठरवलेली जास्तीत जास्त उडीची मर्यादा तिथल्या खऱ्या पुराला चूक म्हणून बाजूला काढेल. तरीही एका मेमरी कार्डवरून सगळ्या सेन्सरांत एकच फाइल भरण्याचा मोह मी अनेकांच्या डोळ्यांत पाहिला आहे. वेळ वाचतो हे खरं. नद्यांनी मात्र ती फाइल वाचलेली नसते.

नुसती पातळी कळून विसर्ग कळत नाही, म्हणून मोठ्या पुलांवर दुसरंही रडार असतं, वेग मोजणारं. ते 24 गिगाहर्ट्झवर चालतं आणि तिरकं बघतं. पाण्यावरच्या बारीक लहरींवरून परतलेला सूर पाण्याच्या वेगाप्रमाणे बदलतो. सेकंदाला एक मीटर वेगासाठी हा बदल सुमारे 161 हर्ट्झ. पंचेचाळीस अंशांत बघितलं तर 114. म्हणजे सेकंदाला तीन मीटरनं धावणारी नदी 340 हर्ट्झच्या जवळ बोलते. हा आकडा माणसाच्या कानाच्या पट्ट्यात येतो. मी पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा गंमत म्हणून नोंदीची फाइल स्पीकरवर वाजवून पाहिली. नदी गुणगुणत वगैरे नव्हती. जाड, खरखरीत आवाज होता तो, कारण पृष्ठभागाचा प्रत्येक तुकडा वेगळ्या वेगानं चाललेला. सेकंदभर ऐकलं तर यंत्र वेगातला सेंटिमीटरपेक्षाही कमी फरक ओळखू शकतं, पण नदीला स्वतःलाच तेवढा नेमका वेग नाही. ती बारकाई माझ्या पडद्यावर राहते, नदीत नसते.

या रडारचं तोंड मी वरच्या अंगाला, पाणी येतं त्या दिशेला करतो. कारण पाऊस. पावसाचे मोठे थेंब सेकंदाला नऊ मीटरपर्यंतच्या वेगानं पडतात आणि तिरक्या झोतात ते पाण्यापेक्षा जोरात बोलू शकतात. पुलाखालचा थेंब पडताना रडारपासून दूर जात असतो. वरून येणारं पाणी रडारच्या जवळ येत असतं. मग दिशेच्या रकान्यात फक्त जवळ येणारं ठेव असं भरलं की पाऊस बराचसा आपोआप बाद होतो. उलट बाजूला तोंड केलं असतं तर पाणी आणि पाऊस दोघेही दूर जाताना दिसले असते आणि त्यांची फारकत करायला गणिताला घाम फुटला असता. उन्हाळ्यात हेच रडार वेगळीच करामत करतं. पाणी थांबलेलं असतं, आरशासारख्या सपाट पाण्यावरून तिरक्या झोताला काहीच परत मिळत नाही, आणि उसाची ट्रॉली गेली की हादरणारा पूल त्याला नदी वाटतो. कमीत कमी वेगाची मर्यादा त्यासाठी भरायची. ती जास्त भरली तर संथ नदी वाळलेली दिसते, कमी भरली तर कोरड्या नदीला ट्रॉल्यांचा पूर येतो.

शिवाय 0.85. रडार फक्त पृष्ठभाग बघतं. तळाशी पाणी हळू असतं. म्हणून पृष्ठभागाच्या वेगाला 0.85 नं गुणून सरासरी वेग धरायचा असा रिवाज आहे. तळ कसा, खोली किती, यावर तो आकडा खरं तर बदलतो. या एका दशांश अपूर्णांकावर कोट्यवधी लिटर पाणी इकडचं तिकडं होतं, आणि दोन राज्यं धरणातून किती सोडलं यावर वाद घालतात तेव्हा त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

फिलिप वुडवर्ड नावाचे एक इंग्रज गणिती महायुद्धात रडारवर काम करत होते. 1953 मध्ये त्यांनी संभाव्यता आणि रडार यांवर छोटंसं पुस्तक लिहिलं. त्यात जे गणित आहे त्याचा अर्थ एवढाच: रडारच्या दिसण्यातली एकूण संदिग्धता कमी करता येत नाही, फक्त इकडून तिकडं सारता येते. अंतर नेमकं हवं तर ती वेगाच्या कोपऱ्यात सारा. वेग नेमका हवा तर दुसरीकडं. नव्या इंजिनिअरला हे वाचून निराशा येते. मला हायसं वाटलं होतं. सगळ्या रकान्यांत बरोबर उत्तर लिहिता येईल अशी सेटिंग्जच नसतात, हे एकदा मान्य केलं की माणूस भलत्या रकान्यात वेळ घालवत नाही. संदिग्धता कुठं ठेवली तर कमी नुकसान होईल, तेवढं बघतो. वुडवर्ड स्वतः उरलेल्या वेळात घड्याळं बनवत. त्यांचं लंबकाचं घड्याळ जाणकारांमध्ये फार नावाजलेलं आहे.

माझ्या मते सगळ्या यादीत सर्वात वजनदार रकाना शेवटी, तिसऱ्या-चौथ्या पानावर, कुणी पोचत नाही तिथं असतो. प्रतिध्वनी हरवला तर काय करायचं? पर्याय दोन. शेवटचा आकडा धरून ठेव, किंवा बिघाड कळव. बरेच सेन्सर पहिल्या पर्यायावर येतात, कारण कारखान्यातल्या टाकीत तो सोयीचा असतो: वाफेनं क्षणभर काही दिसलं नाही म्हणून पंप बंद पडायला नको. नदीवर त्याच पर्यायाचा अर्थ असा की, मध्यरात्री जलपर्णीचा गालिचा आला, यंत्राला काही दिसेनासं झालं, आणि ते पुढचे चार तास मघाचाच आकडा शांतपणे पाठवत राहिलं. नियंत्रण कक्षात सरळ रेष दिसते. सरळ रेष म्हणजे पाणी स्थिर. प्रत्यक्षात खाली ते बोटाबोटानं चढतं आहे.

मी बिघाड कळव निवडतो. आकडा माहीत नसेल तर माहीत नाही असं म्हण. यावरून दरवर्षी पावसाळ्यात फोन येतो. वरिष्ठांसमोर आलेख ठेवायचा असतो आणि त्यात मधेमधे भगदाडं असतात. "साहेब, रेष तुटतेय. बरं नाही दिसत. ते होल्डवर टाका ना." एकदा तर एकानं मला न विचारता ते ऑफिसातून बदललंही, लॉगरमध्ये नोंद राहते म्हणून कळलं. मी परत बदललं आणि पासवर्डही बदलला, जो अर्थात मला कुणालाही द्यावा लागेल, मागितला तर.

मामांना मी हे फोडून सांगितलं तेव्हा त्यांना फारसं नवल वाटलं नाही. ते म्हणाले, पट्टी दिसली नाही की तेही तसंच कळवतात. धुकं असलं, ऊस अडकून आकडे झाकले गेले, तर फोनवर सांगायचं, दिसत न्हाई, अर्ध्या तासानं बघतो. अंदाजानं आकडा सांगायचा नाही. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

या वर्षी एक बदल केला. लॉगरच्या प्रोग्रॅममध्ये अट घातली की ओळीनं तीन वेळा प्रतिध्वनी आला नाही तर नियंत्रण कक्षाबरोबर मोजपट्टी वाचणाऱ्यालाही एसएमएस जावा. मामांचा फोन जुना, बटणांचा. देवनागरी त्यावर चौकोन बनून येते. म्हणून संदेश आकड्यांत ठेवला: तीन नऊ आले की समजायचं, यंत्राला दिसत नाही, जाऊन बघा. सोलर पॅनेल पुसताना मी त्यांना चाचणीचा संदेश पाठवला. खिशातला फोन वाजला, त्यांनी चष्मा काढून पडदा लांब धरला, वाचला, आणि पट्टी बघायला कठड्याकडं निघालेसुद्धा.

"मामा, ही चाचणी आहे," मी म्हटलं.

"आसू द्या," ते म्हणाले, "आलोय तर बघून घेतो."